पाचवं पेव

फकरुद्दीन रस्त्यानं चालला की गावातल्या बाया त्याच्याकडे न बघताच त्याला ओळखायच्या. डावं पाऊल साधं पडायचं, उजव्या पायाची टाच मात्र जमिनीवर आपटायची. ठप्. दोन पावलं. पुन्हा ठप्. बाराव्या वर्षापासून ती टाच जमीन ऐकत आली होती. त्यानं साठी गाठली तोवर तिचं कातडं बैलाच्या खुरासारखं झालं होतं. दर थंडीत तिला एरंडेल चोळताना त्याची बायको सकिनाबी म्हणायची, "एवढं तेल सासूच्या डोक्याला घातलं असतं, तर जाताना दुवा देऊन गेली असती."

"तिनं दिलीय. मीच ठेवून घेतली," फकरुद्दीन म्हणायचा.

त्याचं काम पेवं खणण्याचं. उमरग्यापासून सहा मैल आत असलेल्या या गावात पोत्यांची गोदामं आली ती अलीकडं. त्याआधी ज्वारी जमिनीखाली राहायची. उंचवट्यावरच्या घट्ट मुरमात माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड पाडायचं. चार-पाच हात खाली गेलं की आतून चहूकडं कोरत जायचं, रांजणासारखं पोट करायचं. पोटाला आतून कडबा लावायचा, वीस-पंचवीस पोती ज्वारी ओतायची, तोंडावर शहाबादी फरशी, फरशीवर माती. वरून बघणाऱ्याला वाटावं, इथं काहीच नाही. फक्त फकरुद्दीनच्या टाचेला ठाऊक. रिकाम्या पेवावर टाच पडली की खालून 'धुब्' असं उत्तर यायचं. भरीव जमीन काही बोलायची नाही.

या धंद्याचे कायदे दोनच. पहिला कंदिलाचा. पेव उघडलं की एक दिवस तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीनं पेटता कंदील आत सोडायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही, कारण बंद धान्यातली हवा माणसालाही तसंच विझवते. हा कायदा त्याला बापानं शिकवला होता आणि पक्का केला होता धाकट्या भावानं, शब्बीरनं. शब्बीर एकोणीस वर्षांचा होता. बाहेर बैलगाडी खोळंबलेली, कंदील होता पण काडी नव्हती, काडी शेजारच्या घरातून आणायची एवढंच काम. तेवढाही दम त्याला निघाला नाही. वर काढला तेव्हा त्याच्या मुठीत ज्वारी होती.

दुसरा कायदा शब्दाचा. पेवात किती ज्वारी आहे, कुणाची आहे, कधी काढणार, हे विचारायचं नाही. मालक सांगेल ते खरं.

पहिला कायदा फकरुद्दीननं कधी मोडला नाही. दुसराही मोडला नाही. आणि तिथंच घोळ झाला.

* * *

त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात गावात मुलींची शाळा बांधायची ठरली. इरम्मा नावाच्या म्हातारीनं नवऱ्याच्या नावानं उंचवट्यावरची जमीन दिली. नवरा माणिकप्पा जाऊन चौदा वर्षं झाली होती. तालुक्याहून ओव्हरसियर आला, बलभीमराव. पंचविशीचा, पँटच्या पायाला सायकलच्या क्लिपा, आणि खिशात फुटपट्टी. बोलायला लागला की फुटपट्टी बाहेर यायची.

"काळ्या रानात मी इमारत बांधणार नाही," तो फकरुद्दीनला म्हणाला. "काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात सुकून आकसते. वर्षभर खालची जमीन अशी वरखाली होत राहिली तर भिंतीनं काय करायचं? तिथं बांधायचं तर काळी संपेपर्यंत पाया खाली न्यावा लागेल. दहा फूट, बारा फूट. इथं उंचवट्यावर चार फुटांवर पक्का मुरूम लागतो. पाणी साचत नाही. जागा उत्तम."

"उत्तमच," फकरुद्दीन म्हणाला. "म्हणून तर आमी पेवं इथंच खणली."

फुटपट्टी हवेत थांबली. "किती?"

"पाच."

"चाचा, हे आधी सांगायचं."

"आधी कुणी इचारलं न्हाय."

चार पेवं त्यानं उघडून दिली. कंदील सोडला, उतरला, आतला पालापाचोळा काढला, मुरूम भरून धुम्मसानं ठोकून घेतला. पाचवं पेव उंचवट्याच्या पूर्वेच्या टोकाला, माणिकप्पाचं. ते फकरुद्दीननंच ऐन जवानीत खणलं होतं.

"हे बुजलेलं हाय साहेब. पोलीस ॲक्शनच्या आदल्या हिवाळ्यात माणिकप्पानं ज्वारी काढली अन् मातीनं भरून टाकलं. त्यानं सोता सांगितलं मला."

"तरी उघडून बघू."

फकरुद्दीननं टाच आपटली. एकदा, दोनदा, तीनदा. जमीन गप्प. मान वाकडी करून तो ऐकत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "साहेब, मेलेल्या माणसाचा शब्द हाय. त्याची बाई ही जमीन देतीया. तिच्या म्होरं कुदळ घालून तिच्या नवऱ्याची झडती घेऊ का?"

थोड्या अंतरावर इरम्मा उभी होती, पदर कपाळापर्यंत ओढून. बलभीमरावानं तिच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. कागदावर लिहिलं, 'पेवे पाच, सर्व भरीव, जागा ठोस'. त्याखाली फकरुद्दीननं उर्दूत सही केली.

बांधकाम मिळालं महेबूबला. महेबूब गवंडी, फकरुद्दीनचा जावई. हात साफ, ओळंबा धरला की श्वास रोखणारा. पूर्वेच्या कोपऱ्याचा पाया खणताना चार फुटांवर कडक मुरूम लागला तेव्हा त्यानं सासऱ्याला हाक मारून दाखवला. फकरुद्दीननं टाच आपटली. मुरूम गप्प. "चढव भिंत," तो म्हणाला.

* * *

शाळा भरायला लागली, आणि गणपती उठले त्या आठवड्यात पूर्वेच्या खोलीतली फरशी आपोआप वर उचलली गेली.

शाळेच्या बाई, प्रेमाबाई, लातूरकडून बदलून आलेल्या. सरळ बोलायच्या आणि सरळ उत्तर मागायच्या. त्यांनी महेबूबला बोलावून घेतलं. "हे बघा. इथं बसणारी मुलगी आता बाकीच्यांपेक्षा उंच दिसते. काल तिनं मला वरून प्रश्न विचारला."

कोपऱ्यातल्या तीन फरशा बोटभर वर आल्या होत्या. महेबूबनं त्या काढून पुन्हा बसवल्या. दहा-बारा दिवसांनी उलटं झालं. फरशा खाली गेल्या, आणि त्यांच्यामागं कोपराही. खिडकीच्या वरच्या अंगाला केसासारखी एक चीर आली, ती तिरपी होत छपराकडे निघाली. दार चौकटीत अडकायला लागलं.

बलभीमराव सायकलवरून उतरला तो थेट चिरेपाशी. मग बाहेर येऊन बाजेवर बसला आणि महेबूबकडे बघितलं. "पाया किती खणला होता?"

"चार फूट."

"लिहिलंय चार. खणला किती?"

"साहेब, चार."

आसपासच्या माणसांत कुणीतरी हसलं. फकरुद्दीन बाजेच्या पायथ्याशी उभा होता. तो मनात हिशेब घालत होता. पेव मातीनं भरलेलं होतं. मातीवर पाया बसला तर कोपरा खचेल, ते खरं. पण आधी फरशी वर का आली? माती अशी वर येत नाही.

"ही बाज चिखलात ठेवली तर काय होईल?" बलभीमरावानं विचारलं.

"पाय रुततील," महेबूब म्हणाला.

"चारी सारखेच रुतले तर?"

"झोप लागंल."

"आणि एकच रुतला तर?"

"माणूस खाली."

"इमारतीचं तसंच आहे. वजन पडलं की खालची माती थोडी दबतेच. सगळी इमारत सारखी बसली तर कुणाला कळतही नाही. एक कोपरा जास्त बसला की भिंत दोन्हीकडून ओढली जाते, आणि दगड-चुना ओढ सोसत नाही, चिरतो. आता बाजेचा पाय रुतू नये म्हणून आपण काय करतो?"

"खाली फरशीचा तुकडा ठेवतो."

"तो पाया. पाय चार बोटांचा, फरशी वीतभर. तेच वजन रुंद जागेवर पसरतं. तुमचा पाया खरोखर चार फूट खोल आणि अडीच फूट रुंद असेल, तर हा कोपरा बसायला नको. बसलाय. म्हणजे एक तर पाया तेवढा नाही," त्यानं फुटपट्टी गुडघ्यावर ठोकली, "किंवा खाली जे आहे असं आपण समजतो, ते नाही."

हे दुसरं वाक्य फकरुद्दीननं ऐकलं. बाकी सगळ्यांनी पहिलं ऐकलं.

जाण्यापूर्वी बलभीमरावानं एका फुटक्या तावदानातून बोटभर रुंदीची काचेची पट्टी कापून घेतली. चिरेवर आडवी धरली, दोन्ही टोकं प्लास्टरनं भिंतीला चिकटवली आणि शेजारी खडूनं तारीख घातली.

"हा काय दागिना?" प्रेमाबाईंनी विचारलं.

"चीर जुनी होऊन थांबली असेल तर काच राहील. भिंत अजून हलत असेल तर फुटेल. मी बरोबर पंधरा दिवसांनी येतो आणि कोपऱ्याशेजारी खड्डा घेऊन पाया मोजतो. मोजणीत कमी भरला तर गवंड्याचं नाव कायमचं कटलं. आणि बाई, काच त्याआधी फुटली तर मुली आत बसवायच्या नाहीत. एक मिनिटही नाही."

* * *

त्या दिवसापासून फकरुद्दीनचं रोजचं पहिलं काम एकच. सकाळी शाळा उघडली की खिडकीशी जायचं, काच बघायची.

"शाबूत आहे, चाचा," प्रेमाबाई आतूनच सांगायच्या. "काचेला नजर लागेल हो तुमची."

"लागू द्या. भिंतीला लागण्यापेक्षा बरी."

घरी येऊन तो बसायचा, पण बसवत नसे. सकिनाबी भाकरी थापता थापता त्याच्या टाचेकडे बघायची. ती एका जागी जमीन ठोकत असायची.

"अजी, चुलीच्या खाली बी पेव हाय का? मला म्हायती न्हाय म्हणून इचारते."

"गप."

"मी गप. गाव गप न्हाय. लेक रडून गेली सकाळी. सडकेवरच्या हाटेलात जावयाला इचारतायत, पायातला चुना पानाला लावून खाल्ला काय म्हणून. पहिल्या दिशी तो हसला. काल चहा ठेवून उठला."

महेबूब संध्याकाळी आला. उंबऱ्यातच उभा राहिला. "अब्बा, मी चार फूट खणलं. तुमी बघितलं."

"बघितलं."

"मग चार माणसांत बोला की."

"बोलतो."

"कधी?"

फकरुद्दीनची टाच जमीन ठोकायला लागली. पाया चार फूट होता हे सांगणं सोपं होतं. पण ते सांगितलं की ओव्हरसियरचं दुसरं वाक्य उरत होतं. खाली जे आहे असं आपण समजतो ते नाही. आणि खाली काय आहे हे फक्त एका माणसाच्या सहीनं ठरलं होतं. त्या सहीवर तीस मुली रोज पाढे म्हणत होत्या.

बाराव्या दिवशी वास आला.

"उंदीर मेलाय कुठंतरी," प्रेमाबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या. "कोपऱ्यातल्या पोरी वेण्या नाकावर धरून बसतात. काय लिहिणार?"

फकरुद्दीन आत गेला. मुलींनी सरकून वाट दिली. कोपऱ्यात तो वाकला, मग गुडघ्यावर बसला, मग फरशीच्या सांध्याला नाक लावलं. उंदीर नव्हता. आंबूस, उबट, भाकरीच्या शिळ्या पिठासारखा वास. हा वास त्याच्या पोरवयापासून त्याच्या कपड्यांत होता. त्यानं फरशीवर तळहात ठेवला. फरशी कोमट होती.

मातीला असा वास येत नाही. माती गरम होत नाही.

बाहेर पडताना त्याला दिसलं, खोलीच्या छपराचं सगळं पाणी याच कोपऱ्यावर पडत होतं, आणि मुलींच्या हात धुण्याचा रांजणही त्याच्याच शेजारी. चिखल झाला होता तिथं. तो उभ्या उभ्या तो चिखल बघत राहिला. दोन दिवस त्यानं स्वतःला समजावलं की माणिकप्पा खोटं बोलणारा माणूस नव्हता.

पंधराव्या दिवशी सकाळी काचेचे दोन तुकडे झाले होते. एक तुकडा भिंतीला, एक खिडकीच्या फळीवर. चिरेत आता नख जात होतं.

"बाई, पोरींना भाईर काढा."

प्रेमाबाईंनी काचेकडे बघितलं आणि टाळी वाजवली. मुली पाट्या छातीशी धरून ओळीनं बाहेर आल्या, समोरच्या लिंबाखाली बसल्या. शेवटची मुलगी बाहेर येईपर्यंत फकरुद्दीन दाराच्या चौकटीला हात लावून उभा होता, जणू हाताच्या जोरावर चौकट धरून ठेवली होती.

"तुम्हाला काही ठाऊक आहे," प्रेमाबाई म्हणाल्या. त्यांनी विचारलं नव्हतं.

"अर्धं ठाऊक हाय. अर्धं इचारून येतो."

* * *

इरम्मा ओसरीवर मुगाच्या शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली. "बा फकरू, कूडु," ती म्हणाली. माणूस घरचा असला की तिच्या तोंडून कानडी यायची. तिनं बसायला पोतं सरकवलं. तो बसला नाही.

"आक्का, येक इचारायचं हाय. रागवू नका."

"इतक्या वर्सांत कधी इचारलं न्हाईस. इचार."

"पाचव्या पेवात माती हाय न्हवं?"

शेंग तिच्या बोटांत राहिली. "कोण म्हणलं माती?"

"माणिकप्पा म्हणला."

"तुला म्हणले व्हय. तुला तसंच म्हणायचं ठरलं व्हतं." तिनं शेंग सुपात टाकली. "ज्वारी हाय. अठ्ठावीस पोती. निजामाचे लेव्हीवाले ज्वारी वसूल करत दारोदार फिरत व्हते, त्या आधीच्या रातीला आमी दोघांनी भरली. माझ्या हाताला फोड आले व्हते."

"मला का न्हाय बोलावलं? पेव माझ्या हातचं. मी सांगितलं असतं का कुणाला?"

इरम्मानं सूप बाजूला सारलं. म्हणाली, "ते म्हणले, फकरू चांगला हाय, पण आता फकरूला इचारणारे चांगले न्हाईत. त्याला म्हायतीच नसलं तर मारून बी काय सांगंल. तसलं साल व्हतं ते. तुला बी ठाऊक हाय."

ते साल फकरुद्दीनला ठाऊक होतं. त्या साली त्यानंही काही लोकांना काही गोष्टी सांगितल्या नव्हत्या.

"मग नंतर का काढली न्हाय?"

"ॲक्शन झाली. मग वर्साच्या आत ते गेले. एकली बाई, लपवलेली ज्वारी काढू कशी? दोन वर्सं भ्याले. मग वाटलं, खराब झाली असंल, आता काढून काय करायची. जमीन देताना मनात आलं, सांगावं. पण म्हणलं इतक्या वर्सांत तिची मातीच झाली असंल. माती म्हणून सांगितलं व्हतं, मातीच झाली. मग खोटं कुठं ऱ्हायलं?"

"माती झाली नसती आक्का. कोरडी व्हती तवर जशीच्या तशी ऱ्हाती. आता तिला पाणी लागलंय."

हे बोलताना त्याला एकेक करून सगळं दिसायला लागलं. भरलेलं पेव. म्हणून टाचेला जमीन गप्प वाटली. चार फुटांवर लागलेला कडक मुरूम म्हणजे तळ नव्हता, पेवाचं छत होतं, आणि त्यावर भिंत. छपराचं पाणी आत मुरलं. ज्वारी भिजली, फुगली, फरशी वर आली. मग आतून कुजायला लागली, तापली, बसली. छताखालून आधार निघाला. आणि कुजणारं धान्य असलेलं बंद पेव म्हणजे...

"आक्का, आज वार कोणता?"

"बुधवार."

पंधरा दिवस आज भरत होते. ओव्हरसियर आज येणार होता. खड्डा आज घेणार होते. कोपऱ्याशेजारी. महेबूब स्वतः.

* * *

गावानं फकरुद्दीनला पळताना तोवर पाहिलं नव्हतं. टाच आपटायची सोय नव्हती, तो चवड्यावर पळत होता, आणि बाया म्हणे दारात आल्या, कारण पाऊल ओळखू येईना.

उंचवट्यावर माणसं गोळा झाली होती. बलभीमराव खड्ड्याच्या काठावर फुटपट्टी घेऊन उकिडवा बसला होता. महेबूब खड्ड्यात छातीपर्यंत.

"मोजा साहेब," महेबूबचा आवाज येत होता. "हितनं मोजा. चार फूट वर दोन बोटं. अजून खाली दाखवू? पायाच्या खालचा मुरूम बी दाखवतो." त्यानं पहार आडवी धरली आणि पायाखालच्या मुरमात मारली. पहार हातभर आत गेली. एकदम, लोण्यात जावी तशी. महेबूब तिच्याकडे बघत राहिला. वाकला.

"महेबूब, वर ये."

"अब्बा, हितं पोकळ..."

"वर ये आधी. मग बोल."

"थांबा, हात घालून बघतो..."

फकरुद्दीन काठावर पालथा पडला आणि त्यानं जावयाच्या सदऱ्याची गळपट्टी मुठीत धरली. सदरा फाटला. दोघातिघांनी हात दिला, महेबूबला ओढून वर घेतलं. तो संतापला होता. "सगळ्यांम्होरं चोर ठरवलं मला, आता दाखवतोय तर ओढता?" एवढं बोलून तो मधेच थांबला आणि कपाळ धरून खाली बसला. "डोकं गरगरतंय," तो म्हणाला.

"कंदील आणा," फकरुद्दीन म्हणाला.

"भर दुपारी?" कुणीतरी विचारलं.

प्रेमाबाईंनी शाळेचा कंदील आणला, पेटवला. फकरुद्दीननं दोरी बांधून तो खड्ड्यात सोडला. वरच्या दोन फुटांत ज्योत नीट होती. पहारीनं पडलेल्या भोकासमोर आली तशी लहान झाली, निळी झाली, आणि गेली. काठावरची माणसं एक पाऊल मागं सरली. लिंबाखाली मुली पाढे म्हणायच्या थांबल्या होत्या.

फकरुद्दीन उभा राहिला. धूळ झटकली नाही.

"साहेब, पाया चार फूट हाय. मी बघितला व्हता. जावयाचा कसूर न्हाय. पाचव्या पेवात माती न्हाय, ज्वारी हाय, अठ्ठावीस पोती, आता सडलेली. तुमी उघडू म्हणला व्हता. मी उघडू दिलं न्हाय. मला एकानं सांगितलं, मी तुमाला सांगितलं. सही माझी हाय."

बलभीमरावानं फुटपट्टी खिशात घातली. तो चिडला असता तर फकरुद्दीनला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "सही तुमची आहे. पण उघडल्याशिवाय ती घेतली मी." आणि मग, "आता भिंत कशी धरायची ते बघू. आजच्या आज."

* * *

त्या दिवशी अंधार पडायच्या आत पूर्वेच्या भिंतीला बाहेरून लाकडी बल्ल्यांचे तिरपे टेकू लागले. कोपऱ्यावरचं छप्पर उतरवून ओझं हलकं केलं. पेवाचं तोंड शाळेच्या फरशीखालीच सापडलं. ते उघडलं आणि तीन दिवस तसंच ठेवलं. कंदील दोनदा विझला. तिसऱ्यांदा जळत राहिला तेव्हा फकरुद्दीन कमरेला दोरी बांधून स्वतः उतरला. दोरीचं दुसरं टोक महेबूबनं धरलं होतं, आणि दर दोन मिनिटांनी तो हाक मारत होता, "अब्बा?" खालून उत्तर यायचं, "हाय."

काळी, चिकट, वाफाळती ज्वारी टोपल्यांनी वर आली. वास वाऱ्यानं सडकेपर्यंत गेला. हाटेलवाल्यानं विचारलं म्हणे, की आता पानाला काय लावलंय. महेबूबनं त्याला एक टोपलं नेऊन दाखवलं. त्यानंतर त्यानं काही विचारलं नाही. इरम्मा रोज येऊन लांब उभी राहायची. पहिल्या टोपल्याला ती रडली, नंतर नाही.

पेव रिकामं झाल्यावर बलभीमरावानं मुरूम भरून घेतला, एकदम नाही, अर्ध्या अर्ध्या फुटाचा थर, पाणी शिंपडून, धुम्मसानं ठोकून. पण तेवढ्यावर त्याचा विश्वास बसेना. "भरलेली जागा ती भरलेलीच," तो म्हणाला. "तिच्यावर कोपरा ठेवायचाच नाही." कोपऱ्याच्या अलीकडे आणि पलीकडे, जिथं अस्सल मुरूम होता तिथं, दोन रुंद ओटे बांधले आणि त्यांच्यावर काँक्रीटची लोखंड घातलेली तुळई टाकून भिंत त्या तुळईवर घेतली. खड्ड्यावर फळी टाकून ओलांडावा, तशी भिंत पेव ओलांडून गेली. छपराला पन्हळ लावून पाणी वीस हात लांब उताराला सोडलं. हात धुण्याचा रांजण पश्चिमेला गेला.

सगळं झाल्यावर चीर चुन्यानं भरली आणि तिच्यावर काचेची नवी पट्टी आडवी बसली. शेजारी खडूनं तारीख.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका गावात जागा बघायची होती, तेव्हा बलभीमरावानं जीप पाठवली. सकिनाबीला वाटलं, चौकशी लागली. फकरुद्दीनला वाटलं, शेवटी आलंच. ड्रायव्हर म्हणाला, "साहेबांनी चाचांना बोलावलंय. टाच घेऊन या म्हणाले."

"टाच येती," फकरुद्दीन म्हणाला, आणि कोपऱ्यातली पहार उचलली. "पण ही बी येती." त्या गावात त्यानं प्रत्येक पेव उघडून घेतलं. मालक शपथा घालत राहिले.

नवी काच फुटली नाही. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. तिच्यावर धूळ बसली, मुलींनी बोटानं नावं लिहिली, पुसली. फकरुद्दीन मात्र रोज सकाळी शाळा उघडली की यायचा. उंचवटा चढताना आता त्याला दम लागायचा. टाचेचा आवाज ऐकून प्रेमाबाई वहीतून डोकं न काढता सांगायच्या, "शाबूत आहे, चाचा. जा घरी."

तो घरी जायचा नाही. पूर्वेच्या खिडकीशी यायचा, चष्मा पुसायचा, वाकायचा, काचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवायचा. मग आत बघून म्हणायचा, "बाई, रागवू नका. तुमी म्हणला म्हणून न्हाय मानत. बघितलं म्हणून मानतो."

"आणि उद्या?"

"उद्या पुन्ना बघाया येतो."